पिंपात मुरलेली वर्षे

मार्व्याच्या धक्क्यावरून सुटलेली बोट मनोरीच्या बाजूला लागते तेव्हा खाडीच्या वाऱ्याने केससुद्धा नीट विस्कटलेले नसतात, इतके हे अंतर थोडे. पण पलीकडे उतरलेला माणूस मालाडहून आलेला वाटत नाही, दुसऱ्या कुठल्यातरी शतकातून आलेला वाटतो. गेल्या नाताळात तिथल्या एका ईस्ट इंडियन मित्राच्या घरी आम्ही ओटीवर बसलो होतो. आत चुलीवर खिमाडाचे पातेले होते. देशी दारूत साखर, दालचिनी, लवंग, वेलची आणि गवती चहा घालून ती मंद आचेवर गरम करायची, असा हा लग्नाकार्याचा आणि सणावाराचा प्रकार. त्याचा वास ओटीपर्यंत येत होता. मित्राचा भाचा जहाजावर नोकरीला आहे. त्याने येताना एक बाटली आणली होती. लेबलावर चार गोष्टी होत्या : इन्व्हरगॉर्डन हे नाव, सिंगल ग्रेन स्कॉच हा प्रकार, शेरीच्या पिंपाचा क्रमांक आणि ३१ हा आकडा. मित्राची मावशी पदर खोचून बाहेर आली, बाटली उजेडात धरून म्हणाली, "एकतीस वर्षांची? काचेत बसून म्हातारी झाली का काय?" भाचा म्हणाला, "काचेत नाय मावशी, पिंपात." काचेत शिरली की तिचे वय वाढायचे थांबते, हे त्याने तिला समजावून सांगितले. माझे लक्ष मात्र त्या एका शब्दापाशी अडकले होते. मुंबईत घरोघरी पाणी भरून ठेवतात ते पिंप, आणि स्कॉटलंडच्या थंड गोदामात ३१ वर्षे आडवे पडलेलेही पिंपच. हा शब्द मराठीत आला कुठून, हे विचारले की उत्तर पुन्हा मनोरीच्याच किनाऱ्यावर येऊन थांबते.

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या बहादूरशहाने तह करून वसई आणि तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. साष्टी आणि गोराई-मनोरी-उत्तनची धारावी ही सारी पट्टी त्यानंतर दोनशे वर्षे पोर्तुगीज अमलाखाली राहिली. चिमाजीअप्पांच्या मोहिमेत धारावीच्या किल्ल्यासाठी झुंज झाली आणि मे १७३९ मध्ये वसई पडली, तेव्हा तो अंमल संपला. राज्य गेले तरी शब्द राहिले. पाव, बटाटा, चावी, इस्त्री, पगार, घमेले असे कितीतरी शब्द आपण रोज वापरतो आणि ते परके आहेत हे आपल्या ध्यानीमनीही नसते. 'पिंप' त्यांच्यातलाच. पोर्तुगीजांचा 'पिपा' म्हणजे लाकडी फळ्या वाकवून, लोखंडी पट्ट्यांनी आवळून केलेले, मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळते असे भांडे. लिस्बनहून येणाऱ्या गलबतांच्या पोटात अशी पिंपे रचलेली असत. प्यायचे पाणी, खारवलेले मांस आणि मिस्सेसाठी लागणारी द्राक्षांची वाइन, सगळे त्यांतूनच यायचे. आपल्याकडे द्रव पदार्थ ठेवायला मडके, रांजण, बुधले आणि चामड्याची पखाल होती. लाकडी पिंप मात्र आपल्या कारागिरीत नव्हते, म्हणून वस्तू आली ती नावासकट आली.

या पिंपांचा एक गुण पोर्तुगीज खलाशांना योगायोगाने कळला. मादेइरा बेटावरची वाइन जहाजावर चढवली, विषुववृत्त ओलांडून हिंदुस्थानच्या वाटेला लागली, महिनोन्महिने उकाड्यात आणि हेलकाव्यात राहिली, तर ती नासण्याऐवजी अधिक चवदार होते. न खपता परत गेलेल्या पिंपांनी हे सिद्ध केले. पुढे तर अशी 'फेरी मारून आलेली' वाइन मुद्दाम जास्त किमतीला विकली जाऊ लागली. स्पेनच्या दक्षिण टोकाला हेरेस नावाचे गाव आहे. तिथल्या वाइनला इंग्रज शेरी म्हणतात, तो हेरेसच्याच नावाचा इंग्रजी अपभ्रंश. तिलाही हीच सफर घडली आणि जहाजातून पूर्वेकडे जाऊन आलेल्या शेरीला 'ईस्ट इंडिया' असे नाव पडले. या नावाची गोड शेरी आजही बाजारात मिळते. इकडे साष्टीच्या ख्रिस्ती लोकांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, गोवेकर आणि मंगळूरकर ख्रिस्ती लोकांपासून आपले वेगळेपण दाखवायला 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. दोन्ही नावे पडण्याची कारणे वेगळी. मला मात्र ती एकाच ओटीवर भेटली याची गंमत वाटली.

इंग्रजांना शेरीची चटक तशी जुनीच. १५८७ साली फ्रान्सिस ड्रेकने कादिस बंदरावर धाड घातली, तेव्हा लुटीत शेरीची २९०० पिंपे मिळाल्याचे सांगतात. त्यानंतर कित्येक शतके शेरीची पिंपे ब्रिस्टल, लंडन आणि एडिंबरोजवळच्या लीथ बंदरात उतरत राहिली. शेरी बाटल्यांत भरली जाई आणि रिकामे पिंप परत स्पेनला धाडायचे भाडे परवडत नसे. स्कॉटलंडच्या दारूवाल्यांनी ती स्वस्तात उचलली. शेरीच्या पिंपात दारू मुरवण्याचा जो आज एवढा सोहळा झाला आहे, त्याच्या मुळाशी रसिकता नव्हती, काटकसर होती. आपल्याकडे तेलाचा रिकामा डबा तांदूळ साठवायला ठेवतात, त्यातलाच हा प्रकार.

त्याच काळात मनोरीच्या किनाऱ्यावर काय चालले होते? इथे धान्याची दारू नव्हती, झाडाची होती. माडाची कोवळी पोय बांधून घ्यायची, ती हलक्या हाताने ठोकायची, रोज टोकाची चकती कोयत्याने उडवायची आणि खाली मडके अडकवायचे, हे भंडाऱ्याचे काम. सकाळच्या मडक्यात नीरा असते, गोड आणि निरुपद्रवी. ऊन चढले की तिला फेस येतो आणि तिची माडी होते. संध्याकाळी ती चढते, दुसऱ्या दिवशी आंबते, आणि तशीच राहू दिली तर सिरका होतो. दोन दिवसांत बाळपण, तारुण्य आणि म्हातारपण उरकणारे हे पेय. ईस्ट इंडियन स्वयंपाकघरात फुगे आणि सांदण याच माडीने फुगत, आणि मांसाच्या कालवणातला आंबटपणा तिच्याच सिरक्याचा असे. माडी तांब्याच्या भांड्यात उकळून, वाफ थंड करून दोनदा गाळली की फेणी. फेणीचा आज गोव्याशीच संबंध जोडला जातो आणि तीही काजूची मानली जाते. पण माडाची फेणी त्या मानाने कितीतरी जुनी, कारण काजू हे झाड पोर्तुगीजांनीच ब्राझीलहून आणलेले. भंडाऱ्यांचे वजन किती होते याची एक खूण मुंबईच्या इतिहासात आहे : गव्हर्नर जेराल्ड ऑंजियरने १६७० च्या सुमारास शहराच्या राखणीसाठी जी शिबंदी उभी केली, ती भंडाऱ्यांची होती. मुंबई पोलिसांची वंशावळ सांगणारे तिथूनच सुरुवात करतात.

आता आपण पुन्हा उत्तरेकडे जाऊ, कारण बाटलीवरच्या 'ग्रेन' या शब्दाची जन्मकथा तिथली आहे आणि ती सांगायची तर एका अबकारी अधिकाऱ्यापासून सुरुवात करावी लागते. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडच्या सखल भागात दारूवरचा कर भट्टीच्या भांड्याच्या आकारमानावर बसत असे. मग भट्टीवाल्यांनी भांडी उथळ आणि पसरट केली आणि ती काही मिनिटांत उकळून रिकामी करायचा सपाटा लावला. दारू जळकट निघे, पण कर बुडे. या घाईतूनच न थांबणाऱ्या भट्टीची कल्पना सुचली. किलबेगीच्या रॉबर्ट स्टाइनने १८२७-२८ मध्ये अशा भट्टीचे पेटंट घेतले. त्याच्याच नातेवाइकांपैकी जॉन हेगने १८२४ मध्ये कॅमरनब्रिज येथे कारखाना काढला होता, तिथे ती बसली. पण जगभर पसरली ती ईनियस कॉफी या आयरिश माणसाची, १८३० ची. कॉफी स्वतः अबकारी खात्यात होता आणि तिथेच महानिरीक्षकाच्या पदापर्यंत चढला. ऐन तारुण्यात, १८१० मध्ये, डोनेगलच्या बाजूला चोरट्या भट्ट्यांवर धाड घालायला गेला असता जमावाने त्याला संगिनीने भोसकून मेल्यासारखा टाकून दिला होता. ज्याने वर्षानुवर्षे भट्ट्या फोडल्या, त्यानेच सगळ्यात मोठी भट्टी जन्माला घातली.

कॉफीच्या भट्टीत दोन उंच स्तंभ असतात. त्यांच्या आत चाळणीसारख्या भोकांच्या तांब्याच्या थाळ्या एकावर एक बसवलेल्या. आंबवलेले धान्याचे पाणी वरून झिरपत खाली येते, वाफ खालून वर चढते, आणि प्रत्येक थाळीवर मद्यार्क पाण्यापासून सुटत जातो. जुन्या भांडेभट्टीत एक घाणा संपल्याशिवाय दुसरा चढत नाही. ही भट्टी मात्र दिवसरात्र अखंड चालते आणि नव्वद टक्क्यांच्याही वरचा, जवळजवळ बिनवासाचा मद्यार्क देते. मोडवलेले जवच हवेत असेही नाही : थोडे जव आणि बाकी गहू किंवा मका चालतो. याच मद्यार्कापासून झालेली ती ग्रेन व्हिस्की. ती एकाच कारखान्यातली असली की 'सिंगल' ग्रेन. अनेकांना वाटते तसा 'सिंगल'चा अर्थ एकच धान्य असा नाही. आयर्लंडच्या दारूवाल्यांनी आपल्याच माणसाचे हे यंत्र नाकारले, चव नाही म्हणून. स्कॉटलंडने घेतले. पुढच्या शंभर वर्षांत कोण बुडाले आणि कोण तरले, हे त्या एका निर्णयाने ठरले.

१८६० च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये कर भरण्याआधी, गोदामातच जवाची आणि धान्याची व्हिस्की एकत्र करायला मुभा मिळाली. जवाच्या उग्र दारूत ही सौम्य, स्वस्त दारू मिसळली की सगळ्यांना झेपेल असे मिश्रण तयार होई. १८७७ मध्ये सखल भागातल्या सहा ग्रेन कारखान्यांनी मिळून डिस्टिलर्स कंपनी काढली. तेवढ्यात फ्रान्समधल्या द्राक्षमळ्यांना फायलॉक्सेरा नावाची कीड लागून ब्रँडीचा दुष्काळ पडला. हिंदुस्थानातला गोरा साहेब तोवर ब्रँडी पाण्यात घालून पीत होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चरणात त्याच्या हातात व्हिस्की-सोडा आला. मुंबईत सोडा भरणारे पारशी कारखाने निघाले, त्यातला ड्यूक्स १८८९ चा. साहेबाचे पाहून बॅरिस्टर, दुभाषे आणि संस्थानिक स्कॉचकडे वळले आणि 'विलायती' या शब्दाला बाटलीचा वास लागला. या सगळ्या काळात ग्रेन व्हिस्की कुठे होती? प्रत्येक पेल्यात होती आणि एकाही लेबलावर नव्हती. सारे श्रेय जवाच्या दारूला मिळे. संगीत नाटकातल्या ऑर्गनवाल्यासारखी तिची गत होती.

कॉफीचा जातभाई आपल्याकडेही होऊन गेला. चार्ल्स प्रिचर्ड हा मुंबई इलाख्याच्या मीठ आणि अबकारी खात्याचा प्रमुख. त्याच्या पुढाकाराने आलेला १८७८ चा मुंबई अबकारी कायदा मनोरीसारख्या गावांच्या दृष्टीने एखाद्या लढाईपेक्षा कमी नव्हता. ताडामाडांवरचे कर वाढले, छेव द्यायला परवाना लागू लागला, गावोगावच्या छोट्या भट्ट्या बंद करून दारू गाळण्याचे काम मोजक्या केंद्रांत आणि मक्तेदारांच्या हाती गेले. मुंबईला मोहाची दारू उरणच्या भट्ट्यांमधून पुरवली जाऊ लागली आणि त्या धंद्यात पारशी मक्तेदार पुढे होते. घरामागच्या दोनचार माडांची दारू गाळून नाताळ साजरा करणारे कुटुंब एका कलमाने गुन्हेगार ठरले. १८९२ च्या महुरा कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले गोळा करण्यावर आणि साठवण्यावरच बंदी आली. आदिवासींचे अन्न म्हणून ही फुले वाळवून ठेवली जात, याचा विचार कुणी केला नाही. सरकारला महसूल हवा होता, दारू कमी व्हावी ही इच्छा दुय्यम होती. दुकानांची संख्या वाढते आहे हे पाहून जोतीराव फुल्यांनी १८८० मध्ये पुण्याच्या नगरपालिकेकडे तक्रार केली ती याच धोरणाविरुद्ध.

स्कॉटलंड आणि साष्टी या दोन्ही ठिकाणी चव ठरवणारा खरा बल्लव अबकारी खात्यातच बसलेला होता, असे माझे मत होत चालले आहे. फरक एवढाच की तिथे कराने चोरट्या भट्टीवाल्याला कारखानदार केले आणि इथे कारागिराला चोर.

हे मत पक्के करणारी एक हकीकत १९०५ ची आहे. लंडनच्या इस्लिंग्टन भागात दोन दारूविक्रेत्यांवर खटला भरला गेला : ग्रेन व्हिस्कीला व्हिस्की म्हणून विकणे ही ग्राहकाची फसवणूक आहे म्हणून. पुढच्या वर्षी न्यायाधीशाने विक्रेत्यांना दोषी ठरवले आणि सारा धंदा हादरला. कॅम्बस कारखान्याची सात वर्षांची निव्वळ ग्रेन व्हिस्की तेव्हा वृत्तपत्रांतून जाहिरात करून विकली गेली. गॅलनभर प्यायलात तरी डोके दुखायचे नाही, असा काहीसा तिचा दावा होता. सिंगल ग्रेनची ही विस्मृतीत गेलेली आजी. अखेर रॉयल कमिशन बसले आणि १९०९ मध्ये त्याने कौल दिला की दोन्ही व्हिस्कीच. किती वर्षे मुरवावी यावर मात्र कमिशनने बंधन घातले नाही. ते बंधन आले पहिल्या महायुद्धामुळे. दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार पिऊन पडतात, म्हणून ब्रिटिश मंत्री लॉइड जॉर्जला दारू बंदच करायची होती. तडजोड म्हणून १९१५ चा कायदा झाला : दोन वर्षे गोदामात ठेवल्याशिवाय विकायची नाही. लगेच पुढच्या वर्षी ती मुदत तीन वर्षे झाली आणि आजतागायत तीनच आहे. ताज्या दारूने माणूस जास्त बेफाम होतो, अशी त्यामागची समजूत होती. बाटलीवरच्या ज्या वयाला आपण इतके मानतो, त्याची कायदेशीर सुरुवात अर्ध्यामुर्ध्या दारूबंदीतून झालेली आहे.

आपल्याकडची दारूबंदी अर्धीमुर्धी नव्हती. राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ मध्ये रंगभूमीवर आले आणि सुधाकराच्या घरची वाताहत पाहून मराठी मध्यमवर्गाने दारूविषयीचा आपला कौल देऊन टाकला. गांधीजींच्या चळवळीत दारूच्या दुकानांवर निरोधन झाले. १ ऑगस्ट १९३९ रोजी बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने मुंबईत दारूबंदी आणली, ती मंत्रिमंडळाच्या राजीनाम्यानंतर आणि न्यायालयाच्या निकालानंतर फार टिकली नाही. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि १९५० च्या एप्रिलपासून पूर्ण बंदी आली. मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री होते. मग खाडीकाठच्या तिवरांमध्ये पत्र्याचे डबे चढले. काळा गूळ आणि नवसागर यांची हातभट्टी रात्रीत पिकायची आणि सकाळच्या आत शहरात पोचायची. वांद्र्यापासून गिरगावापर्यंत 'आंटीचे' अड्डे प्रसिद्ध झाले. मावशीच्या लहानपणी पोलिसांची बोट दिसली की पोरे शिट्टी वाजवत, एवढे तिने सांगितले आणि कुणाकडे काय होते हे सांगायचे टाळले. हातभट्टीला मुरायला वेळ नसतो, कारण माल जितके तास जवळ राहील तितका पकडले जाण्याचा धोका. साठच्या आणि सत्तरच्या दशकांत बंदी सैल होत गेली, परमिट रूम निघाल्या. तोवर माडावर चढणारा भंडारी कारकून झाला होता आणि फेणी गाळायचे तांब्याचे भांडे भंगारात गेले होते.

तिकडे पिंपांचाही काळ बदलला. १९८० च्या दशकात स्पेनने शेरी पिंपातून निर्यात करणे थांबवले, बाटल्या हेरेसलाच भराव्या लागू लागल्या. फुकटात मिळणारे रिकामे पिंप दुर्मीळ झाले. आता व्हिस्कीवाले स्वतःच पिंपे करवून घेतात, त्यांत वर्ष-दोन वर्षे शेरी भरून ठेवतात आणि मग ती काढून व्हिस्की भरतात. पूर्वी मुख्य माल शेरी आणि पिंप हे बारदान. आता पिंप हाच माल, आणि शेरी नुसती ते भिजवायला. याच सुमारास मिश्रणासाठी म्हणून साठवलेली आणि गोदामात विसरलेली जुनी ग्रेन व्हिस्की स्वतंत्र व्यापाऱ्यांनी पिंपागणिक विकत घेऊन बाटलीत भरायला सुरुवात केली. मनोरीच्या ओटीवर आलेली बाटली अशाच एका पिंपातली. पेल्यात तिचा रंग काकवीचा होता. वास आधी मनुकांचा, मग सुक्या अंजिराचा, आणि थोडा वेळ ठेवल्यावर चक्क खोबऱ्याच्या वडीचा. हा खोबऱ्याचा वास ओकच्या लाकडातल्या लॅक्टोनमुळे येतो. जवाची व्हिस्की तो झाकून टाकते, ग्रेनचा स्वभाव मवाळ असल्याने लाकूड सगळे बोलून जाते. ज्या देशात एकही माड उगवत नाही तिथल्या दारूला माडाच्या फळाचा वास यावा, याचे मावशीला मुळीच आश्चर्य वाटले नाही.

हीच दारू मनोरीत मुरवता आली असती का, असे भाच्याने विचारले म्हणून आम्ही कागदावर हिशेब मांडला. शेरीच्या पिंपात साधारण ५०० लिटर मावते. स्कॉटलंडच्या थंडीत त्यातले वर्षाला सुमारे दोन टक्के उडून जाते. ३१ वर्षांनी २६७ लिटर उरते. आपल्या हवेत दहा टक्के उडते असे धरले, तर त्याच पिंपात १९ लिटर उरतील. गोव्यात कुंकळ्ळीला जॉन डिस्टिलरीज ही कंपनी जवाची सिंगल माल्ट करते. २०१२ पासून 'पॉल जॉन' या नावाने ती जगभर जाते, पण काही वर्षांतच पिंपातून काढावी लागते ती याच कारणाने. उष्ण हवेत सगळे लवकर मुरते, आणि लवकर संपते.

२००७ हे साल या मागोव्यात दोनदा येते. त्या वर्षी विजय मल्ल्यांच्या कंपनीने ५९.५ कोटी पौंडांना व्हाइट अँड मॅके ही स्कॉच कंपनी घेतली आणि तिच्यासोबत इन्व्हरगॉर्डनचा ग्रेन कारखाना भारतीय मालकीचा झाला. सात वर्षांनी तो फिलिपिनी मालकाकडे गेला. २००७ मध्येच महाराष्ट्र सरकारने ज्वारी, बाजरी, मका यांच्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना उत्तेजन देणारे धोरण आणले आणि डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. जून २०१५ मध्ये मार्व्याच्या अलीकडे, मालवणीत, मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभरावर माणसे मेली. बोटीने जाताना ती वस्ती पाठीमागे राहते. नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्याने आयात स्कॉचवरचे उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० वर आणले. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या करारात सीमाशुल्कही १५० टक्क्यांवरून आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचे ठरले. त्याच्या आदल्याच महिन्यात राज्य मंत्रिमंडळाने 'महाराष्ट्र मेड लिकर' नावाचा नवा प्रकार मंजूर केला : इथल्याच कारखान्यांत धान्यापासून केलेली दारू, १८० मिलिलिटरला किमान १४८ रुपये. कॉफीच्या स्तंभांची ही थेट वंशज. पिंप पाहण्याची सक्ती मात्र तिच्यावर नाही.

मावशीने शेवटी एक घोट घेतला, तोंडात घोळवला आणि "मनुका बऱ्या आहेत, पण थंड आहे" असा निकाल देऊन उरलेला पेला खिमाडाच्या पातेल्यात रिकामा केला. भाचा हळहळला. खिमाड त्या दिवशी फार छान झाले होते, हे त्यालाही कबूल करावे लागले. वाचकांपैकी कुणी नाताळात मनोरीला जाणार असेल तर एवढेच सांगतो : वय पंचविसाच्या पुढे असले तरी खिशात मद्यसेवनाचा परवाना असू द्या. १९४९ चा कायदा रद्द झालेला नाही.